लक्ष गेलं की हात वर

भिंगरीची आणि डॉक्टरांची पहिली भेट झाली, तेव्हा भिंगरीच्या तोंडात कापसाचे दोन बोळे होते. त्यामुळे आयुष्यात पहिल्यांदाच तिला समोरच्याचं बोलणं मधे न तोडता ऐकून घ्यावं लागलं.

झालं होतं असं, की ऐन रेकॉर्डिंगमध्ये तिच्या दाढेत भरलेलं जुनं सिमेंट निखळलं आणि गिळता गिळता राहिलं. भिंगरीचं पोट तिच्या तोंडावरच चालायचं. ती बोलती पुस्तकं करायची. म्हणजे काचेच्या खोलीत माइकसमोर बसून लोकांनी लिहिलेली पुस्तकं मोठ्याने वाचायची. दाढेला भोक पडलेला आवाज कोण विकत घेणार? ती तशीच रस्ता ओलांडून समोरच्या दवाखान्यात शिरली आणि खुर्चीत आडवी झाली.

दंतवैद्य तरुण होता. हात हलका, बोलणं संथ, आणि मास्कच्या वर दिसणारे डोळे... डोळ्यांबद्दल तिने त्या वेळी काही मत बनवलं नाही, असं ती पुढे सगळ्यांना सांगायची. तिचं लक्ष वेधून घेतलं ते खिडकीत पालथ्या पडलेल्या पुस्तकाने. तीच कादंबरी, जिने गेले काही दिवस तिची झोप उडवली होती. शिवणाचं दुकान चालवणाऱ्या, एकाच घरात राहणाऱ्या आणि एकमेकींशी न बोलणाऱ्या दोन बहिणींची.

"ओळखीचं दिसतंय," डॉक्टर म्हणाले. "मान हलवू नका, सुई आहे हातात. हो असेल तर डोळे मिटा."

तिने डोळे मिटले.

"वाचलंय? ...बरं. किती दिवसांत?"

तिने एक बोट वर केलं. डॉक्टरांचा हात थबकला.

"एका दिवसात? मी हे उन्हाळ्यापासून वाचतोय. अजून त्या दुकानातून बाहेर पडलो नाही." मग जरा संकोचून म्हणाले, "आम्ही काही जण मिळून वाचतो. शेजारी चष्म्याचं दुकान आहे ना, त्याच्या वरच्या मजल्यावर. बाईंकडे. एका संध्याकाळी एक पान. कधी तेवढंही होत नाही."

एक पान! भिंगरीला हसू फुटलं, पण कापसात अडकलं. बोळे निघाल्यावर तिने बधिर जिभेने कसंबसं विचारलं, "परत कधी येऊ?" आणि डॉक्टरांनी मान तिरकी केली.

"हा आवाज... 'आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, कृपया प्रतीक्षा करा'... तुम्हीच ना त्या?"

भिंगरीचा चेहरा लाल झाला. अर्धाच, उरलेला अर्धा बधिर होता.

"तुमच्यापायी मी एकदा जेवणाची सगळी सुट्टी फोन कानाला लावून उभा होतो."

"मग ठेवायचा."

"ठेववेना," डॉक्टर म्हणाले आणि हातमोजे काढायला लागले.

आता, भिंगरीसारखी मुलगी दिवसाला एक पान वाचणाऱ्यांच्या वाटेला एरवी गेली नसती. पण सध्या तिची गरज मोठी होती. ती कादंबरी वाचायचं काम मिळावं म्हणून ती जीव टाकत होती. स्टुडिओत आजवर तिच्या वाट्याला बागकामाची आणि पोट कमी करण्याची पुस्तकं आली होती, आणि ती नसतील तेव्हा हे 'कृपया प्रतीक्षा करा'. मोठी कादंबरी हातात आली की माणसं तुम्हाला आवाजावरून ओळखतात, आणि मग पुन्हा कुणी टेलिफोनच्या खोलीत पाठवत नाही. स्टुडिओच्या मॅडमनी तिच्याकडून पहिलं प्रकरण वाचून घेतलं होतं आणि काचेपलीकडून म्हणाल्या होत्या, "शब्द सगळे बरोबर. उच्चार स्वच्छ. पण तू तिथे नव्हतीस. शेवटी कुठे गेली होतीस, सांगू? वाणसामानाकडे." आणि ते खरं होतं. भिंगरीचे ओठ वाचत राहायचे आणि भिंगरी भलतीकडेच फिरून यायची. मॅडमनी महिनाअखेर पुन्हा चाचणी ठेवली होती. त्याच खुर्चीसाठी दुसरा एक भरदार आवाजाचा गडी तयारच होता.

घरी आईने त्यात भर घातली. "ताटावर बसलीस तरी तू ताटात नसतेस. काय वाढलंय सांग बघू, न बघता." भिंगरीला सांगता आलं नाही. हे नावसुद्धा आईनेच ठेवलेलं, लहानपणी, एका जागी बसेना म्हणून.

तेव्हा दुसऱ्याच संध्याकाळी ती चष्म्याच्या दुकानाशेजारचा जिना चढली.

बाई म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. उंच, ताठ, आणि खोडी काढणाऱ्याला पाठमोऱ्या असतानाही ओळखणाऱ्या. त्यांच्या बाहेरच्या खोलीत पाच-सहा खुर्च्या गोल मांडलेल्या. त्यांवर एक बँकेतले कॅशियर, एक इस्पितळातली नर्स, आणखी कुणी कुणी, आणि खिडकीजवळ डॉक्टर. आज मास्क नव्हता. भिंगरीने जागा शोधण्याच्या निमित्ताने खोलीभर नजर फिरवली आणि नेमकी त्यांच्यासमोरची खुर्ची पकडली.

"नियम दोनच," बाई म्हणाल्या. "एकाने वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. ऐकता ऐकता मन निसटलं, की हात वर करायचा. लाजायचं नाही, सगळ्यांचंच निसटतं. वाचणाऱ्याने त्या परिच्छेदाच्या सुरुवातीला परत जायचं. आणि मन कुठे गेलं होतं, हे कुणी कुणाला विचारायचं नाही. ते ज्याचं त्याला माहीत."

"आणि हात वरच केला नाही तर?" भिंगरीने विचारलं.

"तर मला कळतं," बाई म्हणाल्या, आणि ते खोटं वाटलं नाही.

त्या दिवशी नर्सने वाचलं. कॅशियरचा हात सारखा वर. भिंगरीचा त्याहून जास्त. पहिल्याच परिच्छेदात ती मॅडमकडे गेली, भरदार आवाजाच्या गड्याकडे गेली, दाढेकडे गेली. दर वेळी हात वर, दर वेळी नर्स न चिडता मागे. एकदा तर तिचं मन 'आता माझं मन कुठे जाईल' या विचारातच हरवलं. तिला घाम फुटला. एवढं अवघड काम तिने पोट कमी करण्याच्या पुस्तकातही वाचलं नव्हतं.

आणि मग ते वाक्य आलं. थोरली बहीण दुकानात येते, सापडलेलं बटण धाकटीसमोर ठेवते, आणि 'दिवा न लावता आत निघून जाते.'

"का नाही लावला?" बाईंनी विचारलं.

"वीज वाचवायला," कॅशियर म्हणाले.

"रागावली असेल," नर्स म्हणाली. "बस अंधारात, म्हणून."

डॉक्टर खिडकीबाहेर बघत होते. "धाकटी रडत होती," ते हळूच म्हणाले. "आधीच्या ओळीत तिने सुई खाली ठेवलीय. शिवताना कुणी उगाच सुई ठेवत नाही... समोरचं दिसेनासं झालं तरच ठेवतं. थोरलीला ते कळलं. दिवा लावला असता तर रडणं दिसलं असतं. तिने बघितलं नाही असं दाखवलं."

भिंगरीने ते वाक्य कितीतरी वेळा वाचलं होतं, एकदा मॅडमसमोर स्वच्छ उच्चारात. दोन बहिणींमधलं सगळं प्रेम त्या न लावलेल्या दिव्यात होतं आणि ती शेजारून भरधाव निघून गेली होती. तिला स्वतःची लाज वाटली, आणि समोरच्या माणसाकडे ती पहिल्यांदाच नीट बघत राहिली.

ती रोज यायला लागली. जिन्यात दोघांची गाठ पडायची. योगायोग पहिले काही दिवस होता. पुढे डॉक्टर खालच्या दुकानातल्या चष्म्याच्या फ्रेमा फारच बारकाईने बघत उभे असायचे.

"नंबर लागलाय का?" ती विचारायची.

"अजून नाही. पण एखादी गोष्ट नीट दिसावी असं वाटतं."

"कुठली?"

"नियम मोडताय."

"नियम वरच्या मजल्यावर. हा जिना आहे."

डॉक्टर हसायचे आणि तिला पुढे जाऊ द्यायचे.

हळूहळू भिंगरीचा हात कमी वर जाऊ लागला. त्याचे परिणाम भलत्याच ठिकाणी दिसले. एकदा सकाळी आई बोलत होती आणि भिंगरीने ते शेवटपर्यंत ऐकलं. आईच्या कपाळावर उजवीकडे एक छोटी आठी आहे आणि ती काळजीत असली की ती आधी हलते, हे तिला त्या दिवशी दिसलं.

"अशी काय बघतेस?" आई घाबरली. "बरं वाटत नाहीये का?"

मग बाईंनी तिला वाचायला दिलं, आणि तिथे गाडी अडली. पहिला परिच्छेद संपायच्या आत डॉक्टरांचा हात वर. ती मागे गेली. पुन्हा वर. तिने आवाज खाली घेतला. वर. दुसऱ्या दिवशी तिने धाकटीच्या तोंडी हुंदका घातला, तेव्हा बाईंनी भुवई उचलली आणि डॉक्टरांनी हात. कॅशियर वाचायचे तेव्हा हा माणूस दगडासारखा स्थिर बसे, आणि कॅशियर तर रांगेतल्या माणसाला नोटा मोजून द्याव्यात तसे वाचायचे. नर्स वाचे तेव्हाही स्थिर. भिंगरीने तोंड उघडलं की हात वर.

तिला ते फार लागलं. तिने मनाशी ठरवूनच टाकलं, की मॅडमची चाचणी नंतर, आधी हा हात. हा एक हात खाली राहिला, तर आपल्याला वाचता येतं. नाहीतर टेलिफोनची खोली आहेच. ती रात्रंदिवस त्या दोन बहिणींसोबत राहू लागली. थोरली चालते कशी, धाकटी दोरा दाताने तोडते की कात्रीने, हे तिला दिसायला लागलं. कॅशियरचा हात खाली आला. इतरांचे कधीच आले होते. डॉक्टरांचा तेवढा जात राहिला. एकदा, फार तर दोनदा, पण जायचाच.

चाचणीच्या आदल्या संध्याकाळी बाईंनी मुद्दाम ते दिव्याचं पान पुन्हा काढलं आणि तिच्या हातात दिलं. भिंगरीने वाचलं. घाई नाही, हुंदका नाही. सुई खाली ठेवली तेव्हा ती थांबली, एक श्वास घेतला... खोली इतकी शांत, की खाली दुकानाचं शटर ओढल्याचा आवाज आला आणि कुणी मान वळवली नाही. नर्सच्या डोळ्यांत पाणी होतं. कॅशियर पुढे झुकून बसले होते.

आणि डॉक्टरांनी हात वर केला.

भिंगरीने पुस्तक मिटलं, बाईंच्या हातात दिलं आणि चहा न घेताच जिना उतरली. मागून पावलं आली.

"ऐका... जरा ऐका तरी—"

"ऐकायचं काम तुमचं होतं," ती म्हणाली आणि चालू पडली.

दुसऱ्या दिवशी दुपारी चाचणी होती. सकाळी तिने आईला सांगून टाकलं, की मी जाणार नाही.

"का?"

"एका माणसाचं माझ्या वाचनात लक्ष लागत नाही."

"कुठल्या माणसाचं?"

"दातांच्या डॉक्टरचं."

आईने हातातलं काम बाजूला ठेवलं. "कादंबरी वाचायची आहे मॅडमच्या स्टुडिओत आणि निकाल लावणार दातांचा डॉक्टर. वा. अगं, नसेल जायचं तर नको जाऊस, पण निदान कारण तरी विचारून ये. मरगळून बसलीस तर मला बघवत नाही." कपाळाची ती आठी हलली, म्हणून भिंगरी उठली.

दवाखान्यात खुर्चीवर एक आजोबा तोंड वासून पडले होते आणि डॉक्टर त्यांच्यावर वाकलेले. भिंगरी सरळ आत गेली.

"माझ्या वाचनात काय कमी आहे?"

डॉक्टरांनी आरसा आजोबांच्या तोंडातून बाहेर काढला. "आत्ता?"

"आत्ताच. दुपारी चाचणी आहे. जायचं की नाही ते ठरवायचंय."

"बाईंचा नियम आहे, विचारायचं नाही."

"हा तुमचा दवाखाना आहे. कॅशियरकाकांच्या वाचनात तुमचं मन जात नाही. माझ्याच वेळी जातं. कुठे जातं?"

डॉक्टरांनी मास्क खाली ओढला. कानांपर्यंत लाल झाले होते. आजोबांनी तोंड तसंच उघडं ठेवून डोळे मात्र तिकडे वळवले.

"तुम्ही वाचता तेव्हा मी त्या दुकानात असतो," डॉक्टर म्हणाले. "पूर्ण असतो. बहिणी दिसतात, बटण दिसतं. मग तुम्ही थांबता... श्वास घेता... आणि मी दुकानातून निघून तुमच्याकडे येतो. मला कळतं, की मी आता पुस्तकात नाही. मग हात वर करावा लागतो. कॅशियरकाका श्वास घेतात तेव्हा असं काही होत नाही."

भिंगरीच्या तोंडात या वेळी कापूस नव्हता, तरी तिला बोलता येईना.

"मग... लपवायचं होतंत," ती शेवटी म्हणाली.

"बाईंपासून? त्यांना पहिल्याच दिवशी कळलंय. आणि तुमच्यासमोर बसून ऐकतोय असं खोटं दाखवायचं मला जमलं नाही. काल तुम्ही इतकं सुंदर वाचलंत, की मला... कमी काही नाही. एवढंच. चाचणीला जा."

"आँ," आजोबा खुर्चीतून म्हणाले आणि दरवाजाकडे बोट दाखवलं. त्याचा अर्थ दोघांनाही कळला. भिंगरी पळत सुटली.

मॅडम काचेपलीकडे बसल्या होत्या, शेजारी रेकॉर्डिंग करणारा माणूस. भरदार आवाजाचा गडी आपलं वाचन आटोपून बाहेर समाधानाने पाणी पीत होता. भिंगरीने हेडफोन चढवले. लाल दिवा लागला.

तिने वाचायला सुरुवात केली आणि दुकानाचं दार उघडलं. कापडाचा वास आला. थोरली आली, धाकटीने सुई खाली ठेवली, भिंगरीने श्वास घेतला... आणि त्या श्वासाबरोबर ती दुकानातून थेट दवाखान्यात पोचली. आवाज अजून चालूच होता. शब्द बरोबर, उच्चार स्वच्छ. आणखी दोन ओळी तशाच सहज निघून गेल्या असत्या आणि कदाचित कुणाला कळलंही नसतं. पण तिला कळलं होतं. तिने हात वर केला.

"काय झालं?" मॅडमचा आवाज कानात आला.

"माझं मन गेलं," भिंगरी म्हणाली. "परिच्छेद पहिल्यापासून घेते."

रेकॉर्डिंगवाल्याने मॅडमकडे बघितलं. बाहेर पाणी पिणारा गडी हसला. चाचणीत असं कुणी कबूल करत नाही. चाचणीत लोक मन गेलं तरी आवाज ओढून नेतात.

"घे," मॅडम म्हणाल्या.

तिने घेतला. या वेळी ती तिथे होती. दुकान, संध्याकाळ, टेबलावरचं बटण, आणि दोघींमधला तो अंधार, जो एकीने दुसरीसाठी राखून ठेवला. वाक्य संपलं, पुढचं आलं, तेही संपलं. भिंगरी एकेका शब्दावर पाय टेकत चालत राहिली आणि तिला कुठेच जायची घाई नव्हती. तिला इतका आनंद होत होता, की तो आवाजात उतरू नये म्हणून तिला जपावं लागलं. दिलेलं पान संपलं तरी कुणी थांब म्हणेना, म्हणून तिने पुढचं वाचलं, मग त्याच्या पुढचं. प्रकरण संपल्यावर मान वर केली तेव्हा रेकॉर्डिंगवाला हनुवटीवर हात ठेवून बसला होता, आणि दारात भरदार आवाजाचा गडी पाण्याचा पेला तसाच धरून उभा होता.

मॅडमनी चष्मा काढून पुसला. "मघाशी तू स्वतः थांबलीस. मला पकडायची वेळच आली नाही," त्या म्हणाल्या. "कादंबरी तुझी. सोमवारपासून ये. आणि ते टेलिफोनचं काम आता दुसऱ्या कुणाला तरी देते."

"मला द्या," दारातला गडी म्हणाला, आणि सगळे हसले.

भिंगरी बाहेर आली तेव्हा रस्त्यावर नुकताच पाऊस पडून गेला होता आणि समोरच्या फुटपाथवर डॉक्टर उभे होते. अंगावर दवाखान्यातला पांढरा कोट तसाच. मधे गाड्यांची रांग. ती ओलांडायची तर इकडेतिकडे नीट बघावं लागतं; भिंगरीने नीट बघितलं आणि मगच पलीकडे गेली.

"मिळालं," ती म्हणाली.

डॉक्टरांनी डोळे मिटले, क्षणभर तसेच ठेवले आणि उघडले. "आजोबा म्हणालेच होते. बोळे काढल्यावर."

"आजोबांचं आणखी काय म्हणणं?"

"की मी मूर्ख आहे. ही गोष्ट हात वर करून नाही, तोंडाने सांगायची असते."

"मग सांगा."

डॉक्टर गडबडले. रस्त्यावरून एक बस गेली, दोघांच्या पायांवर थोडं पाणी उडवून. ते तिच्याकडे बघत राहिले. बघण्यात कुठलीही घाई नव्हती.

"तू मला आवडतेस," ते म्हणाले. 'तुम्ही'वरून 'तू'वर आलेलं त्यांच्या लक्षातही आलं नाही. "टेलिफोनवर होतीस तेव्हापासून. मला तुझ्याबरोबर वाचायचंय... हे पुस्तक, मग पुढचं. सगळी."

"दिवसाला एक पान?"

"एक पान."

"म्हणजे म्हातारपण येईल."

"माझा बेत तोच आहे."

भिंगरीला वाटलं, आता काहीतरी चटकदार बोलावं. दहा उत्तरं जिभेवर आली आणि तिने ती सगळी जाऊ दिली. "मलाही तू आवडतोस," ती म्हणाली. "खूप." मग तिने पर्समधून फोन काढला, कारण ही बातमी एकटीने पेलण्याजोगी नव्हती.

"आई, काम मिळालं," ती म्हणाली. पलीकडून आईचा आवाज भरून आला, मग नाक ओढल्याचा आवाज आला. "आणि ऐक ना, आत्ताच एका माणसाला घरी घेऊन येतेय."

"कुठल्या माणसाला?"

"दातांच्या डॉक्टरांना."

"तेच का, लक्ष न लागणारे?"

"तेच. पण मी चुकले होते आई, त्यांचं लक्ष फार लागलंय."

"बरं," आई म्हणाली. "मग मी आधी दात घासून घेते."

भिंगरी इतकी मोठ्याने हसली, की स्टुडिओच्या खिडकीतून मॅडमनी डोकावून बघितलं. काय झालं, काय झालं, म्हणून डॉक्टर विचारत राहिले. तिने सांगितलं नाही. घरी आईच्या तोंडूनच ऐकू देत, असं ठरवून तिने त्यांच्या कोटाची बाही धरली, आणि दोघं ओल्या रस्त्याने, कडेकडेने, अगदी सावकाश घराकडे निघाली.